घोड्याचं गालगुंड

गालगुंड म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घरात कुणाला ना कुणाला लहानपणी ते झालेलं असतं. कानाखाली, जबड्याच्या मागे सूज येते, चेहरा गोल गरगरीत दिसतो, आंबट खाल्लं की कळ येते आणि शाळेला सुट्टी मिळते. ही सूज ज्या ग्रंथीला येते, ती लाळेची ग्रंथी. कानाच्या मुळाशी असते म्हणून तिला कर्णमूल ग्रंथी म्हणतात. श्रोतेहो, आज मी तुमच्याशी याच ग्रंथीबद्दल बोलणार आहे. पण माणसाच्या नव्हे, घोड्याच्या.

घोड्याच्या लाळेशी आपल्याला काय करायचंय, असं कुणी म्हणेल. आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात आज घोडा बांधलेला असतो. तरीही हा विषय मी निवडला, कारण त्यात एक गोष्ट आहे जी घोड्यापुरती राहत नाही. शरीरावर सूज दिसली की माणूस दोनांपैकी एक करतो. एक तर घाबरून नको ते उपाय करतो, नाही तर ‘होईल बरं आपोआप’ म्हणून सोडून देतो. दोन्ही वेळा त्या सुजेकडे नीट पाहायचं मात्र राहून जातं.

मी व्यवसायानं पशुवैद्य. शिक्षण मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झालं. पुढे काही वर्षं इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेट परगण्यात, घोड्यांच्या एका दवाखान्यात काम केलं. तिथे घरटी मोटार असते तसा खेड्यापाड्यांत घरटी नसला तरी गल्लीआड एखादा घोडा असतोच. कुणाचा शर्यतीचा, कुणाचा शिकाऊ मुलांसाठी, कुणाचा म्हातारा झालेला आणि केवळ प्रेमापोटी सांभाळलेला.

तिथला हिवाळा लांबलचक. जमीन थंड पडली की गवताची वाढ थांबते. बरेचसे घोडे मग तबेल्यात असतात आणि वाळलेल्या गवतावर दिवस काढतात. एप्रिलच्या सुमारास जमिनीचं तापमान पाच-सहा अंशांच्या वर गेलं की गवत पुन्हा फुटायला लागतं. आपल्याकडे पहिला पाऊस पडून गेल्यावर आठ दिवसांत डोंगर हिरवे होतात ना, तसाच तो प्रकार. पाऊस मात्र तिथे बारमाही. वाट पाहायची ती उबेची. या कोवळ्या गवतात शंभरातले ऐंशी भाग पाणीच असतं. चार महिने वाळकी वैरण चघळलेल्या घोड्याला त्या कुरणात सोडलं की तो मान खाली घालतो, ती संध्याकाळपर्यंत वर करत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातला फोन वाजायला लागतो. ‘डॉक्टर, घोड्याचा गळा सुजलाय. काल अगदी चांगला होता.’

जाऊन पाहावं तर घोडा मजेत असतो. कान टवकारलेले, डोळे स्वच्छ, गवत खाणं चालू. पण कानाच्या बुडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना, लांबट उशी ठेवावी तशी सूज. हात लावला तर घोडा तक्रार करत नाही. त्वचा गरम नसते. नाक कोरडं आणि स्वच्छ असतं. ताप नसतो. तिथले घोडेवाले याला ‘ग्रास ग्लँड्स’ म्हणतात. आपण गवताच्या गाठी म्हणू, किंवा गवताचं गालगुंड म्हणू. फरक एवढाच, की माणसाचं गालगुंड विषाणूमुळे होतं आणि एकाचं दुसऱ्याला लागतं. हे लागत नाही. कुरणात दहा घोडे असले तर एक-दोघांनाच होतं, आणि बहुतेक वेळा दर वर्षी त्याच एक-दोघांना.

याच्यावर उपाय काय? रात्रभर घोड्याला कुरणातून काढून तबेल्यात बांधायचं. बस्स. सकाळपर्यंत सूज उतरलेली असते, निदान निम्मी तरी. पुन्हा कुरणात सोडला तर कदाचित पुन्हा येते, पुन्हा उतरते. काही आठवड्यांत घोडा त्या गवताला सरावतो आणि प्रकरण संपतं. औषध नाही, इंजेक्शन नाही, लेप नाही.

सूज का येते, याचं एकमतानं मान्य झालेलं उत्तर शास्त्राकडे अजून नाही. दोन-तीन तर्क आहेत. एक असा, की नव्या गवतातल्या किंवा फुलोऱ्याच्या परागांतल्या एखाद्या घटकाचं त्या घोड्याला वावडं असावं. काहींना शेंगदाणा चालत नाही, तसं. दुसरा असा, की घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास मान खाली घालून चरतो, त्यामुळे डोक्याकडचा द्रव परत फिरायला वेळ लागतो आणि तो ग्रंथीत साचतो. तबेल्यात डोकं वर राहिलं की निचरा होतो. तिसरा तर्क सर्वसामान्य माणसाला सर्वांत आधी सुचतो. तो असा, की इतकं खाल्ल्यावर लाळग्रंथीवर ताण येणारच. पण तो फारसा टिकत नाही. कारण लाळ जास्त लागते ती कोरड्या वैरणीला, पाण्यानं भरलेल्या कोवळ्या गवताला नाही. ताणानं सूज येत असती तर ती हिवाळ्यात यायला हवी होती.

घोड्याची लाळ हा एक नवलाचा विषय आहे. पूर्ण वाढलेला घोडा दिवसाला पस्तीस ते चाळीस लिटर लाळ तयार करतो. म्हणजे आपल्या घरातल्या दोन-तीन बादल्या. आणि ही लाळ तो चावत असतो तेव्हाच सुटते. चिंच पाहून आपल्या तोंडाला पाणी सुटतं. घोड्यासमोर चंदीचा तोबरा नुसता धरला तर त्याच्या तोंडाला सुटत नाही. त्यानं घास घेऊन दाढा हलवायला सुरुवात केली की मग धार लागते. या कामाचा मोठा वाटा कर्णमूल ग्रंथी उचलते. घोड्याच्या तीन जोड लाळग्रंथींमध्ये हीच सर्वांत मोठी, चांगली वीतभर लांब. एवढी मोठी ग्रंथी पातळ कातडीखाली असल्यामुळे ती थोडी जरी फुगली, तरी लांबून दिसते आणि मालकाच्या काळजाचा ठोका चुकतो.

आता खरा मुद्दा. ‘ग्रंथी’ हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. इंग्रजी बोलणारे घोडेवालेही तेच करतात, आणि घोटाळा तिथेच होतो. एक लाळेची ग्रंथी. तिचं काम पचनाचं. दुसरी लसिका ग्रंथी. तिचं काम पहाऱ्याचं. पायाला जखम झाली की आपल्या जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसिका ग्रंथी. रोगजंतू आत शिरू पाहताहेत आणि चौकीवर चकमक चालू आहे, असा त्याचा अर्थ. लाळग्रंथी फुगली तर बहुतेक वेळा ती किरकोळ बाब असते. लसिका ग्रंथी सुजली तर कुणीतरी शत्रू आलेला असतो.

घोड्याच्या गळ्यात या दोन्ही ग्रंथी शेजारीशेजारी आहेत. जबड्याच्या दोन हाडांच्या मधोमध, हनुवटीच्या मागे बोट घातलं तर लसिका ग्रंथींचा एक जोड हाताला लागतो. दुसरा जोड घशाच्या मागे, खोल. आणि हा खोलातला जोड सुजला, की फुगवटा बाहेर दिसतो तो नेमका कर्णमूल ग्रंथीच्या जागी. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सुजा सारख्याच.

ही दुसरी सूज आणणारा घोड्यांचा एक जुना आजार आहे, स्ट्रँगल्स. स्ट्रॅप्टोकॉकस जातीच्या एका जिवाणूमुळे तो होतो. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या पदरी असलेल्या जॉर्डानस रुफस यानं त्याचं वर्णन करून ठेवलंय, म्हणजे पावणेआठशे वर्षांची नोंद आहे. या आजारात घोडा आधी तापानं मलूल होतो. खाणं सोडतो. नाकातून पाणी, मग पिवळा पू यायला लागतो. जबड्याखालच्या गाठी गरम, टणक आणि दुखऱ्या होतात. आठवडा-दोन आठवड्यांत त्या पिकतात आणि फुटतात. घशामागच्या गाठी फार वाढल्या तर घोड्याला श्वास घेता येत नाही. म्हणून तर त्याला गळा आवळण्यावरून हे नाव पडलं. बहुतेक घोडे यातून बरे होतात. पण एकापासून दुसऱ्याला तो झपाट्यानं लागतो. पाण्याची डोणी, बादली, लगाम, मोतद्दाराचे हात, काहीही पुरतं.

सॉमरसेटमधलाच एक प्रसंग सांगतो. चौदा घोड्यांचा एक छोटा तबेला होता. मालकीणबाई एकट्या तो चालवत. मुलांना घोड्यावर बसायला शिकवणं हेच त्यांच्या उत्पन्नाचं साधन. मे महिन्यात त्यांच्याकडच्या एका तीन वर्षांच्या तट्टाच्या गळ्याशी सूज दिसली. शेजारचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, ‘गवताची सूज आहे, माझ्या घोडीला दर वर्षी येते. रात्री आत बांधा, सकाळी उतरेल.’ सल्ला प्रेमाचा होता, आणि शंभरातल्या बऱ्याच घोड्यांना तो लागूही पडला असता. बाईंनी तट्टू आत बांधलं. सकाळी सूज उतरली नाही. शिवाय त्यानं रात्रीची चंदी अर्धीच खाल्ली होती. एवढ्यावरच त्यांनी आम्हाला फोन केला.

मी पाहिलं तेव्हा सूज उजव्या बाजूला जास्त होती. बोट टेकवताच तट्टानं मान झटकली. ताप १०४ फॅरनहाइट. हे तट्टू तीन आठवड्यांपूर्वी एका बाजारातून विकत आणलेलं होतं, हे बोलता बोलता कळलं. नाकाचा नमुना तपासायला पाठवला आणि निकाल यायच्या आधीच तबेल्याचं फाटक बंद करायला सांगितलं.

स्ट्रँगल्सच निघाला. पण या आजाराची एक सवय माणसाच्या उपयोगी पडते. ताप आधी चढतो आणि जंतू बाहेर पडायला एक-दोन दिवसांनी सुरुवात होते. म्हणजे प्रत्येक घोड्याचा ताप रोज दोनदा पाहिला, आणि पारा वर सरकताच त्या घोड्याला वेगळं केलं, तर तो दुसऱ्याला लावण्याआधीच बाजूला होतो. बाईंनी प्रत्येक कप्प्याच्या दारावर एक कागद चिकटवला आणि सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला सुरुवात केली. आजारी तट्टासाठी वेगळी बादली, वेगळा खरारा, वेगळे बूट. शिकवण्या बंद, म्हणजे पैसे बंद. असे सात-आठ आठवडे गेले. चौदांपैकी तीन घोडे आजारी पडले, अकरा वाचले. तिन्ही बरे झाले. शेवटी त्यांच्या घशाजवळच्या हवेच्या पिशव्यांत दुर्बीण घालून जंतू उरले नाहीत ना, हे पाहिलं आणि मगच फाटक उघडलं. ही शेवटची तपासणी अनेकजण टाळतात. पण बऱ्या झालेल्या घोड्यांपैकी साधारण दहातला एक त्या पिशव्यांमध्ये जंतू बाळगून राहतो. दिसायला ठणठणीत, पण महिनोन्महिने इतरांना आजार वाटत हिंडतो. बाजारातून आलेलं ते तट्टू बहुधा अशाच एखाद्या घोड्याच्या शेजारी बांधलेलं असणार.

याच्या उलट प्रसंगही पाहिले. एका घोड्याला खरोखरच गवताची सूज होती. मालकानं मागच्या वर्षीच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या पुड्या त्याला चारल्या. दुसऱ्या दिवशी सूज गेली. मालकाचा त्या पुडीवर असा विश्वास बसला, की पुढच्या वसंतात त्यानं ती चार शेजाऱ्यांनाही दिली. आपोआप बरं होणाऱ्या दुखण्याची हीच गंमत आहे. त्याच्यावर केलेला कुठलाही उपाय लागू पडतो! मग तो पुडीचा असो, लेपाचा असो की अंगाऱ्याचा.

या एका गंमतीपायी घोड्यांनी शतकानुशतकं काय काय सोसलंय, ते ऐका. युरोपातले जुने नालबंद घोड्यांचे वैद्यही असत. कर्णमूल ग्रंथीच्या सुजेला इंग्रजीत ते ‘व्हाइव्ज’ म्हणत, फ्रेंचमध्ये ‘आव्हीव्ह’. घोड्याचं पोट दुखायला लागलं की दोषही याच ग्रंथींवर यायचा. मग त्या चिमट्यानं दाबायच्या, काठीच्या मुठीनं ठोकायच्या, कधी चीर देऊन रक्त काढायचं. फ्रेंच भाषेत तर ‘आव्हीव्ह ठोकणे’ असा वाक्प्रयोगच होता. सूज पुढच्या दिवशी उतरायची, घोडा खायला लागायचा, आणि ठोकणाऱ्याची कीर्ती वाढायची.

शेक्सपिअरलाही हे दुखणं माहीत होतं. ज्या नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी आपल्याकडे ‘त्राटिका’ रचलं, त्या मूळ नाटकात नवरदेव लग्नाला येतो तो एका मरतुकड्या घोड्यावर बसून. त्या घोड्याला काय काय झालंय, याची लांबलचक यादी एक नोकर वाचून दाखवतो. प्रेक्षकांना हसवण्यासाठी रचलेल्या त्या यादीत हे व्हाइव्जही आहेत. आणि त्याच यादीत, आधीच, आणखी एक नाव आहे, ज्याला मात्र कुणी हसू नये. ते नाव ग्लँडर्स.

आता मी इंग्लंडमधून तुम्हाला महाराष्ट्रात आणणार आहे, ते या ग्लँडर्सचा हात धरूनच.

ग्लँडर्स हा शब्दच ‘ग्लँड’वरून, म्हणजे ग्रंथीवरून आलेला. हाही जिवाणूचा आजार, पण स्ट्रँगल्सपेक्षा कितीतरी घातक. घोड्यात तो संथपणे चालतो, गाढव आणि खेचरात झपाट्यानं. जबड्याखालची गाठ सुजते, बहुधा एकाच बाजूची. ती टणक असते आणि पिकून फुटत नाही. नाकातून चिकट स्राव येतो, तोही अनेकदा एकाच नाकपुडीतून. नाकाच्या आतल्या पडद्यावर व्रण होतात आणि ते भरून आले की चांदणीच्या आकाराचे वण राहतात. कधी पायांच्या कातडीवर माळेसारख्या गाठी उठतात. याला लस नाही, आणि घोड्यावर उपचार करत बसायचे नसतात. कारण हा आजार माणसाला होतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो.

ब्रिटनमधून ग्लँडर्सचं उच्चाटन झालं ते १९२८ मध्ये. आपल्याकडे इंग्रजांनी त्यासाठी १८९९ मध्ये खास कायदा केला होता. पुढे २००९ मध्ये जनावरांच्या सर्वच सांसर्गिक रोगांसाठी एक केंद्रीय कायदा झाला आणि त्यानं जुन्या कायद्याची जागा घेतली. त्यानुसार ग्लँडर्सची शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे. एक काळ असा होता, की हा आजार आता पुस्तकात वाचायचा, असं आम्हा विद्यार्थ्यांना वाटायचं. आणि मग २००६ साली तो पुन्हा उघडा पडला. तोही दूर कुठे नाही, आपल्या महाराष्ट्रातल्या घोड्यांमध्ये. पुढच्या वर्षांत उत्तर प्रदेश, उत्तराखंड अशा राज्यांतही त्याचा माग लागला, आणि त्यानंतरही अधूनमधून तो डोकं वर काढत राहिला.

आज निदान रक्ताच्या चाचणीनं होतं. हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र या बाबतीत देशाची मुख्य प्रयोगशाळा आहे. पूर्वी मात्र एक वेगळीच चाचणी होती. ‘मॅलिन’ नावाचा जंतूंचा अर्क घोड्याच्या खालच्या पापणीत टोचायचा आणि दोन दिवस वाट पाहायची. पापणी चांगलीच सुजली आणि डोळ्यातून पू आला, तर घोडा रोगी. शंका यायची सुजेमुळे आणि शंका फिटायचीही सुजेमुळेच.

चाचणी सकारात्मक आली तर त्या घोड्याला वेदना न देता मारावं लागतं. मालकाला सरकारकडून नुकसानभरपाई मिळते. पण ज्याचा सगळा संसार एका घोड्यावर चालतो, त्याला हे ऐकवणं सोपं नसतं. माथेरानच्या लाल वाटांवर, महाबळेश्वर-पाचगणीला, चौपाट्यांवर, लग्नाच्या वरातीत आपण जे घोडे पाहतो, त्यांच्या मागे एकेक कुटुंब असतं. म्हणून घोड्याच्या गळ्याला सूज आली की मालक ती लपवू पाहतो. मानेवर झूल जरा पुढे ओढली की गिऱ्हाइकाला दिसत नाही. मी त्याला दोष देत नाही. पण लपवलेल्या सुजेचा पहिला बळी त्या मालकाचा मुलगाच ठरू शकतो. घोड्याचं नाक पुसणारे हात त्याचेच असतात.

आणि आपल्याकडे जनावरं एकत्र येण्याच्या जागाही मोठ्या आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. अशा बाजारातून आणलेला उमदा घोडा त्याच दिवशी घरच्या घोड्यांत बांधण्याचा मोह कुणालाही होईल. तो दोन-तीन आठवडे आवरायला हवा. नवा घोडा वेगळा बांधावा, त्याची बादली वेगळी असावी, त्याचं काम सर्वांत शेवटी करावं. याला पैसा लागत नाही, लागते ती थोडी जागा आणि थोडा धीर.

मग सूज दिसली तर करायचं काय? घोडा सांभाळणाऱ्या कुणालाही विचारता येतील असे चार प्रश्न आहेत.

पहिला, सूज कुठे आहे आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे का? कानाखाली, दोन्हीकडे सारखी असेल तर ती लाळग्रंथीची असण्याचा संभव मोठा. जबड्याच्या दोन हाडांमध्ये असेल किंवा एकाच बाजूला असेल तर सावध व्हावं.

दुसरा, हाताला कशी लागते? गवताची सूज गार आणि न दुखणारी असते. गरम, दुखरी किंवा दगडासारखी टणक सूज वेगळं काही सांगते.

तिसरा, घोडा काय म्हणतोय? तो नीट खातोय का, गिळतोय का, नाक स्वच्छ आहे का? प्यायलेलं पाणी नाकातून परत येत असेल तर ते चिन्ह चांगलं नाही. आणि ताप पाहावाच. निरोगी घोड्याचं तापमान साधारण १०० ते १०१ फॅरनहाइट असतं. तापमापक गुदद्वारात ठेवून दोन मिनिटांत ते कळतं. प्रत्येक घोडेवाल्याच्या पेटीत नालेच्या खिळ्यांशेजारी एक तापमापक असायला हवा.

चौथा प्रश्न काळाचा. हिरव्या गवतावरून काढून एक रात्र बांधल्यावर सकाळी सूज कमी झाली का? झाली, तर तिला तिच्या वाटेनं जाऊ द्यावं. दाबू नये, चोळू नये, पुडी देऊ नये. नाही झाली, तर मग पुढची रात्र वाट पाहत घालवू नये. तिन्ही प्रश्नांची उत्तरं चांगली असतील तरच ही एका रात्रीची मुदत द्यायची, हे मात्र विसरू नका. आणि या रात्रीही घोडा इतरांपासून वेगळाच बांधायचा. नाकातून स्राव येत असेल तर उघड्या हातानं तो पुसू नये आणि ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

यातला एकही प्रश्न असा नाही, ज्यासाठी पदवी लागते. सॉमरसेटच्या त्या बाई डॉक्टर नव्हत्या. अर्धी उरलेली चंदी त्यांनी पाहिली, एवढंच. घोडा रोज जो पाहतो, रोज ज्याचा हात त्याच्या मानेवरून फिरतो, त्याला आजचा फरक आमच्या आधी कळतो. आम्ही येतो ते नंतर, नळ्या आणि सुया घेऊन. आम्हाला पहिला प्रश्न त्यालाच विचारावा लागतो, ‘काल कसा होता?’

तेव्हा माथेरानला किंवा पाचगणीला गेलात, घोड्यावर बसलात, तर उतरताना त्याच्या मानेवर हात ठेवा आणि घोडेवाल्याला विचारा, ‘खातोय ना नीट?’ मुलांनाही सांगा, की मान थोपटायला हरकत नाही, नाकाला मात्र हात लावायचा नाही. आणि कधी त्याच्या गळ्याशी सूज दिसली, तर ओरडा करू नका. पण न बोलता पुढेही जाऊ नका. त्या माणसाला बाजूला घेऊन हळू आवाजात हे चार प्रश्न सांगा. बहुतेक वेळा उत्तर साधंच निघेल. जेव्हा ते साधं नसेल, तेव्हा एक दिवस आधी कळल्यामुळे त्याचे बाकीचे घोडे वाचतील, आणि कदाचित त्याच्या घरातलं एखादं माणूसही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)